सरकी खाणाऱ्या म्हशीचं तूप

परभणीहून मानवत रोडकडे गाडी निघाली की वाटेत पेडगावचं स्टेशन लागतं. काळी जमीन, कापसाचा पट्टा. जिथे कापूस तिथे सरकी, आणि जिथे सरकी तिथे गोठ्यात सरकीची ढेप. ढेप खाल्ली की म्हैस दूध चांगलं देते, तूप घट्ट आणि रवाळ होतं, हे इथल्या कुठल्याही दूधवाल्याला सांगावं लागत नाही. दिल्लीत बसून अन्नभेसळीचे नियम लिहिणाऱ्यांना मात्र याच ढेपेने चांगलंच कोड्यात टाकलं होतं.

अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली जे नियम झाले त्यांत तुपाचा एक लांबलचक तक्ता होता. राज्यागणिक तुपाचे आकडे वेगळे. महाराष्ट्राच्या नावापुढे तर एक नाही, दोन ओळी: एक सर्वसाधारण भागासाठी, दुसरी ‘कापूस पट्ट्या’साठी. सर्वसाधारण भागातल्या तुपाचा रायशर्ट अंक किमान २६ हवा, कापूस पट्ट्यातल्या तुपाला २० पुरे. वर खुलासाही दिलेला: जिथे गुराढोरांना मोठ्या प्रमाणावर सरकी चारली जाते आणि राज्य सरकारने जो भाग तसा जाहीर केला आहे, तो कापूस पट्टा. एकाच राज्यातल्या दोन डब्यांतलं तूप, दोन्ही अस्सल, आणि तरी एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर ते भेसळीचं ठरावं. भेसळ पकडण्याचा सगळा इतिहास या तक्त्यात दडलेला आहे. लबाडी शोधण्याआधी अस्सल कशाला म्हणायचं हे ठरवावं लागतं, आणि शास्त्रज्ञ, कायदा आणि न्यायालयं यांची खरी दमछाक तिथेच झाली आहे.

हा रायशर्ट अंक म्हणजे काय? दुधाच्या चरबीत ब्युटिरिक आम्लासारखी काही छोट्या साखळीची आम्लं असतात. ती वाफेबरोबर उडून येतात आणि पाण्यात विरघळतात. वनस्पती तेलांत ती जवळजवळ नसतातच. प्रयोगशाळेत पाच ग्रॅम तूप घ्यायचं, त्यातली ही उडणारी आम्लं वेगळी काढायची आणि ती निष्प्रभ करायला ठरावीक ताकदीचा अल्कली किती मिलिलीटर लागतो ते मोजायचं. तो आकडा म्हणजे रायशर्ट अंक. तुपात तेल मिसळलं की तो घसरतो. पण म्हशीला सरकी चारली तरीही तो घसरतो, कारण सरकीतल्या तेलाची लांब साखळीची आम्लं दुधाच्या चरबीत उतरतात. कापसाच्या तेलाची म्हणून एक ओळखचाचणी आहे, हाल्फेनची. ढेप खाणाऱ्या जनावराच्या तुपात तीही लाल रंग दाखवू शकते. म्हणजे बिचाऱ्या शेतकऱ्याने डब्यात काहीच घातलं नाही, जे काही मिसळलं ते म्हशीने, आणि तेही पोटात.

तुपाची ही काटेकोर तपासणी आली कुठून, त्यालाही कारण आहे. १९३०च्या दशकात मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला आणि ‘डालडा’ हे नाव घराघरांत पोचलं. हायड्रोजन सोडून घट्ट केलेलं तेल, दिसायला तुपासारखं, किमतीला कमी. ते वेगळं म्हणून विकायला कोणाची हरकत नव्हती. पण डब्यात दोन भाग तूप आणि एक भाग डालडा असा मेळ घालायला व्यापाऱ्याला कितीसा वेळ लागणार? यावर सरकारने काढलेला तोडगा मोठा हुशारीचा होता. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घातलंच पाहिजे, असा नियम केला. तिळाच्या तेलात काही द्रव्यं अशी असतात की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्याशी गाठ पडली की गडद किरमिजी रंग येतो. याला बोदाँ चाचणी म्हणतात. साजूक तुपात हा रंग आला की त्यात वनस्पती आहे, हे सिद्ध. चोराच्या खिशात आधीच घंटा बांधून ठेवायची, असा हा प्रकार. कित्येक दशकं त्या पाच टक्के तिळाने देशभरच्या तुपाची राखण केली.

खाण्यात भेसळ करणाऱ्याला दंड हवा, हे काही इंग्रजांनी शिकवलं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कंटकशोधनाच्या भागात, धान्य, तेल-तूप, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्यं आणि औषधं यांत त्याच रंगाचा हलका माल मिसळणाऱ्याला बारा पण दंड सांगितला आहे. ‘त्याच रंगाचा’ ही अट नेमकी आहे. वेगळ्या रंगाचा खडा गिऱ्हाईक स्वतःच उचलून टाकतं.

आधुनिक काळात पश्चिम भारतात भेसळीविरुद्ध निरीक्षकांचं खातं प्रथम उभं राहिलं ते अन्नासाठी नव्हे, कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची भिस्त मुंबईवर आली. गठ्ठ्यांत माती, सरकी आणि पाणी निघू लागल्याची ओरड झाली, तशी मुंबई सरकारने १८६३ साली कापसातल्या लबाडीला आळा घालणारा कायदा केला. माणसांच्या ताटासाठी भारतीय दंडसंहितेत १८६०पासून २७२ आणि २७३ ही दोन कलमं होती खरी. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. पण पदार्थ अपायकारक झाल्याचं सिद्ध करावं लागे, आणि दुधात विहिरीचं पाणी घातलं तर ते अपायकारक कसं दाखवणार? मुंबई इलाख्याला अन्नभेसळीचा स्वतंत्र कायदा मिळाला तो १८९९ साली. गिरणीच्या कापसानंतर छत्तीस वर्षांनी. पुढे १९२५ साली त्याच्या जागी नवा कायदा आला.

खुद्द इंग्लंडलाही ही अक्कल सहज आली नव्हती. फ्रेडरिक अ‍ॅकम या रसायनशास्त्रज्ञाने १८२० साली अन्नातल्या विषांवर पुस्तक लिहून खळबळ उडवली. १८५०च्या दशकात आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने सूक्ष्मदर्शक घेऊन लंडनच्या दुकानांतला माल तपासला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राने निष्कर्ष दुकानदारांच्या नावपत्त्यांसह छापले. त्याने तपासलेल्या मोहरीच्या पुडीत गव्हाचं पीठ होतं आणि रंग यावा म्हणून हळद. आपल्याकडे ज्या हळदीत भेसळ होते तीच तिकडे भेसळीचा माल होती! १८५८ साली ब्रॅडफर्डला पेपरमिंटच्या गोळ्यांत स्वस्त भुकटीऐवजी चुकून सोमल पडला आणि वीसएक माणसं दगावली. १८६०चा इंग्लंडचा कायदा त्यानंतरचा, आणि नीट अंमल झाला तो १८७५च्या कायद्याने.

पेडगावला मुंबईचे हे दोन्ही कायदे लागू नव्हते. परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पोलीस कारवाईनंतर, १९४८च्या सप्टेंबरात, संस्थान भारतात आलं. राज्यघटनेने अन्नभेसळ हा विषय समवर्ती सूचीत टाकला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. संसदेने १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा केला आणि १ जून १९५५पासून तो अमलात आला. तेव्हा परभणी जिल्हा अजून हैदराबाद राज्यातच होता. मुंबई राज्यात तो १९५६च्या नोव्हेंबरात आला आणि महाराष्ट्रात १९६०मध्ये.

मराठीत पेडगावला एक म्हण चिकटलेली आहे: वेड पांघरून पेडगावला जाणे. म्हणीतलं पेडगाव श्रीगोंद्याकडचं, परभणीचं नव्हे, असं म्हणतात. पण भेसळीच्या खटल्यांत हे वेड पांघरणं फार चालायचं. ‘साहेब, मी वरून माल घेतला, आत काय आहे मला काय ठाऊक?’ १९५४च्या कायद्याच्या कलम १९ने हा दरवाजाच बंद केला. मालाचा दर्जा मला माहीत नव्हता, एवढाच बचाव चालणार नाही. सुटायचं असेल तर ज्याच्याकडून माल घेतला त्याची लेखी हमी दाखवा. किरकोळ दुकानदाराने पक्की पावती जपून ठेवावी, यामागे हे कलम आहे.

या कायद्याखाली नमुना घेण्याची रीत बारकाईने बघण्यासारखी होती. अन्न निरीक्षक दुकानात येई, पंच बोलावी, स्वतःची ओळख देई, आणि नमुना चक्क विकत घेई. पैसे मोजून, पावती घेऊन. मग त्याचे तीन सारखे भाग, तीन कोरड्या स्वच्छ बाटल्यांत. वर कागद, दोरा, लाखेची मोहोर, दुकानदाराची सही. एक भाग सार्वजनिक विश्लेषकाकडे, दोन आरोग्य अधिकाऱ्याकडे राखून. दूध असेल तर ते नासू नये म्हणून दर २५ मिलिलीटरला दोन थेंब फॉर्मालिन टाकायचं. दूधवाल्याने टाकलं तर गुन्हा आणि निरीक्षकाने टाकलं तर नियम, असं हे एकच रसायन. यातली एखादी पायरी चुकली की वकिलाचं काम सोपं होई. दूध नीट ढवळलं होतं का? वरची साय एका बाटलीत आणि खालचं पाणी दुसरीत गेलं नाही ना? पंच कुठे आहेत? पंच बहुधा शेजारचाच दुकानदार, आणि त्याला बाजारपेठेत राहायचं असे.

राखून ठेवलेल्या बाटल्यांचा अर्थ असा की विश्लेषकाचा अहवाल आरोपीला पटला नाही तर दुसरी बाटली केंद्रीय अन्न प्रयोगशाळेकडे पाठवता येई. अशा चार प्रयोगशाळा: कोलकाता, म्हैसूर, गाझियाबाद आणि आपल्या पुण्याची. त्यांचं मत अखेरचं. पण दही-दुधासारखा माल इतके महिने टिकणार कसा? १९६७ साली दिल्लीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे दह्याचा नमुना आला. खटला उशिरा भरल्याने दही खराब झालं, दुसरी तपासणी अशक्य झाली. आरोपीचा हक्क सरकारी दिरंगाईने गेला असेल तर शिक्षा टिकणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. अनेक खटल्यांची भिंत पुढे याच निकालाने खचली.

आता दुधाकडे. खेड्यात दूध संकलन केंद्रावर सकाळी पहिला प्रश्न असतो: आज फॅट किती लागली? महाराष्ट्रासाठी जुन्या नियमांत गाईच्या दुधाला ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९. ‘साडेतीन-साडेआठ’ हे आकडे दूधवाल्यांच्या तोंडी पाढ्यासारखे बसले ते असे. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेला घन भाग: प्रथिनं, दुग्धशर्करा, क्षार.

पाणी ओळखायला लॅक्टोमीटर. काचेची ती नळी दुधात किती बुडते त्यावरून दुधाची ‘डिग्री’ कळते. पाणी घातलं की दूध पातळ होतं, नळी खोल जाते, डिग्री उतरते. पण चरबी पाण्याहून हलकी. साय काढली की उरलेलं दूध जड होतं आणि डिग्री चढते. म्हणजे आधी साय काढायची, मग पाणी घालायचं, की नळी पुन्हा बरोबर जागेवर. साखर किंवा युरिया घालूनही तोच हिशोब जुळवता येतो. लॅक्टोमीटर एकट्याने खोटा ठरतो तो इथे, आणि म्हणून फॅट वेगळी मोजावी लागते. स्वित्झर्लंडच्या निक्लाउस गेर्बरने १८९२ साली त्यासाठी जी रीत काढली ती आपल्या दूध डेअऱ्यांमध्ये कित्येक वर्षं चालली. लांब मानेच्या काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये आधी १० मिलिलीटर तीव्र गंधकाम्ल, त्यावर हळूच १०.७५ मिलिलीटर दूध, मग एक मिलिलीटर अमाईल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हाताला चटका देते आणि आतला रस काळपट-जांभळा होतो. आम्लाने प्रथिनं विरघळवली. यंत्रात पाच मिनिटं गरागरा फिरवायचं, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवायचं, आणि मानेत वर आलेल्या पिवळसर थराची लांबी वाचायची. तीच फॅट. युरियासाठी आणखी निराळी चाचणी, स्टार्चसाठी आयोडीन. एक युक्ती निघाली की तिच्या मागोमाग एक चाचणी, असं शंभर वर्षं चाललं आहे.

तरीही प्रश्न उरतोच. गाईचं एसएनएफ ८.५ऐवजी ८.२ भरलं तर तो दूधवाला लबाड की त्याची गाय अर्धपोटी? उन्हाळ्यात वैरण संपली की दूध आपोआप उतरतं. १९५४च्या कायद्यात ठरलेल्या दर्जापेक्षा खाली गेलेला माल म्हणजे भेसळीचा माल, आणि दुरुस्त्यांनंतर शिक्षा साधारणपणे किमान सहा महिने कैद. १९७६ साली एक सवलत आली: शेती-बागायतीतून निघालेल्या ‘प्राथमिक अन्ना’चा दर्जा निव्वळ नैसर्गिक कारणाने, माणसाच्या हाताबाहेर, घसरला असेल तर ती भेसळ धरू नये. सवलतीच्या शब्दांत दुधाचा उल्लेख नव्हता. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने भेसळीमुळे जीव गेला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली, ती योग्यच. पण पाव टक्का एसएनएफ कमी भरणाऱ्याला आणि विष घालणाऱ्याला एकाच कोर्टात, एकाच नावाच्या गुन्ह्याखाली उभं करणं हा त्या कायद्याचा खरा दोष होता.

२००६च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याने तो बराचसा काढला. जुना कायदा ५ ऑगस्ट २०११ रोजी गेला. आता हलक्या दर्जाचा माल वेगळा, चुकीचं लेबल वेगळं, असुरक्षित माल वेगळा. हलक्या दर्जाला दंड, तोही पाच लाखांपर्यंत. असुरक्षित अन्नाने माणूस दगावला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप. नमुन्याचे तीनऐवजी चार भाग, आणि विश्लेषकाने अहवाल द्यायचा तो १४ दिवसांत.

आकडे वाचताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०११ साली देशभरातले १,७९१ दुधाचे नमुने तपासले, त्यांतले ६८.४ टक्के निकषांत बसले नाहीत. लगेच ‘देशातलं दोन तृतीयांश दूध विषारी’ अशी बातमी फिरली. त्यांतला मोठा भाग पाण्याचा आणि कमी एसएनएफचा होता. २०१८च्या पाहणीत ६,४३२ नमुने घेतले; जिवाला अपाय होईल अशी भेसळ अवघ्या १२ नमुन्यांत निघाली. खरी चिंतेची गोष्ट वेगळीच निघाली: ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-वन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. हे विष दूधवाला घालत नाही. ओलसर ढेप, मका किंवा शेंगदाण्याची पेंड बुरसली की त्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं, जनावर ते खातं आणि त्याचं रूप बदलून दुधात उतरतं. इंग्लंडात १९६० साली लाखभर टर्की कोंबडे पटापट मेले तेव्हा ब्राझीलच्या शेंगदाणा पेंडीतून जगाला या विषाची ओळख झाली. उकळून ते जात नाही. पावसाळ्यात पोती भिंतीला टेकवून, जमिनीवर रचण्याऐवजी फळ्यांवर आणि कोरड्यात ठेवली तर दुधाच्या तपासणीपेक्षा जास्त फायदा होतो. ही पाहणी शहरांतल्या दुधाची असली, तरी उपाय गोठ्यातच करावा लागतो.

चाचणीवर विश्वास ठेवायचा तर चाचणी करणाऱ्यावरही ठेवावा लागतो. २०१५ साली मॅगी नूडल्समध्ये शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत १७.२ आढळलं, मर्यादा होती २.५, आणि ५ जूनला देशभर बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्टला ती उठवली. कंपनी निर्दोष म्हणून नव्हे. ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्या शिशाच्या चाचणीसाठी मान्यताप्राप्त नव्हत्या म्हणून, आणि कंपनीला म्हणणं मांडायची संधी दिली नव्हती म्हणूनही. पुन्हा तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत तपासा, असा आदेश झाला. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या दह्याच्या वाडग्याचाच हा मोठा भाऊ.

परभणीच्या शेजारी हिंगोली, जो १९९९पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता. तिथल्या वसमतची हळद आता भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. हळकुंडाला चकाकी यावी म्हणून मेटानिल यलो हा बंदी असलेला रंग, आणि त्याहून वाईट म्हणजे शिशाचा क्रोमेट, हे हळदीच्या व्यापारातले जुने शत्रू. घरच्या चाचण्या सांगणारे निरोप मोबाइलवर फिरतात, त्यांत एक हमखास चुकीचा असतो: हळदीत आयोडीन टाका, निळी झाली की पीठ मिसळलं आहे. हळद हा कंद आहे, तिच्यात स्वतःचाच स्टार्च असतो, ती निळी होणारच. मेटानिल यलोची चाचणी मात्र उपयोगाची. हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की गुलाबी रंग येतो; पाणी वाढवल्यावर तो गेला तर हळदीचा, टिकला तर भेसळीचा. आम्ल स्वयंपाकघरात ठेवण्याची वस्तू नाही, हे वेगळं सांगायला नको. शिसं असल्या चाचणीत नीट कळत नाही, त्याला यंत्र लागतं. बांगलादेशाने ते यंत्र बाजारात नेलं. २०१९ साली तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के हळदीच्या नमुन्यांत शिसं होतं. व्यापाऱ्यांना तिथल्या तिथे तपासून दंड करायला सुरुवात केली आणि २०२१पर्यंत ते शून्यावर आलं.

मराठवाड्यात यासाठी लागणारी माणसं घडवणारी संस्था जुनी आहे. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ झालं आणि १९७६ साली तिथेच अन्नतंत्र महाविद्यालय सुरू झालं. तपासणीचं सरकारी काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे, आणि २०१२च्या गुटखाबंदीपासून त्याच तुटपुंज्या निरीक्षकांना पोत्यापोत्यांनी गुटखा पकडत हिंडावं लागतं. गिऱ्हाइकानेही हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. मुंबईत १९६६ साली नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली आणि पुढे वस्तू तपासून निकाल छापायला सुरुवात केली, ती कुठल्याही कायद्याने सांगितली नव्हती. आताच्या कायद्याचं कलम ४० तर साध्या गिऱ्हाइकालाच तो हक्क देतं. विकत घेतलेला माल अन्न विश्लेषकाकडे तपासायला द्यायचा, ठरलेली फी भरायची. नमुना घेताना, हा तपासणीला देणार आहे, एवढं दुकानदाराला सांगावं लागतं. माल नियमांत बसला नाही तर फी परत मिळते, आणि पुढची कारवाई अधिकाऱ्यांकडे जाते.